वृक्षमुद्रा

ऑक्टोबर महिना मुंबईत कोणाच्याच विशेष आवडीचा नाही. पावसाने निरोप घेतलेला असतो, थंडीची अद्याप चाहूल नसते, आणि उपनगरांतल्या इमारतींच्या भिंती दिवसभर साठवलेला उष्मा रात्री उशिरापर्यंत परत करीत राहतात. परंतु याच महिन्यात जोगेश्वरीच्या रस्त्यांवर सातवीण फुलू लागते आणि तिचा जड, मादक गंध तिन्हीसांजेच्या सुमारास रिक्षांच्या धुरातूनही वाट काढीत घरात शिरतो. आणि याच महिन्यात जगातले असंख्य हौशी व व्यावसायिक चित्रकार शाईची दौत उघडून नेमाने बैठक मारतात. जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने शाईकामातला आपला हात सुधारावा म्हणून २००९ साली ऑक्टोबरच्या ३१ दिवसांत रोज एक चित्र काढण्याचा जो संकल्प केला, तो ‘इंकटोबर’ या नावाने समाजमाध्यमांतून सर्वत्र पसरला. रोजच्यासाठी एक शब्द सुचवलेला असतो. तो घ्यावा, अथवा महिनाभर पुरेल असा एखादा विषय आपला आपण ठरवावा, चित्र त्याच दिवशी पुरे करावे आणि चारचौघांसमोर ठेवावे, एवढाच या आव्हानाचा शिरस्ता.

मी जो विषय ठरवून घेतला तो वृक्षजीवांचा. ज्याला कणा आहे, खांदे आहेत, वय आहे, राग आणि समाधान आहे, असे झाड कागदावर उतरवायचे; झाडाचे झाडपण न मोडता त्याच्यातली व्यक्ती दाखवायची. अशा चित्रांची एक सराईत तऱ्हा आहे. खोडाच्या मध्यावर दोन डोळे, त्यांखाली ढोलीचे तोंड, फांद्यांचे हात आणि पारंब्यांची दाढी इतके रेखाटले की पाहणारा हसतो आणि पुढे जातो. परंतु असे चित्र पुसून त्या जागी एखाद्या कड्याला किंवा किटलीला तेच डोळे चिकटवले तरी त्याच्या भावात काडीचा फरक पडत नाही, याचा अर्थ त्या भावाचा झाडाशी संबंधच नव्हता. वृक्षांच्या चित्रणात ज्याचे नाव आजही आदराने घेतले जाते तो इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅम (१८६७–१९३९) याने ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ या पुस्तकासाठी १९०६ साली केलेली चित्रे या दृष्टीने न्याहाळण्यासारखी आहेत. रॅकहॅमच्या झाडांना पुष्कळदा नाक-डोळे असतात हे खरे. पण त्याच्या चित्राचा तेवढाच भाग हाताने झाकला तरी त्या झाडांचा दरारा कायम राहतो, कारण तो दरारा मुळांनी जमिनीला घातलेल्या मिठीत, खोडाला पडलेल्या पिळात आणि वाऱ्याच्या विरुद्ध वाढत गेलेल्या फांद्यांच्या वळणात असतो.

भाव चेहऱ्यात असतो ही समजूत मुळात किती अपुरी आहे, हे समजून घेण्यासाठी जोगेश्वरीच्या माणसाला लंडनला जाण्याचे कारण नाही. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागून आरेचा जो हिरवा मुलूख आहे, त्यात आजही वारली समाजाचे पाडे आहेत. आणि वारली चित्रकलेइतका या प्रश्नाचा नेमका निकाल दुसऱ्या कोणत्या कलेने दिला असेल असे मला वाटत नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेषांनी काढलेल्या त्या माणसांना चेहरे नसतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले, वर एक लहानसे वर्तुळ ठेवले आणि बारीक रेषांचे हातपाय दिले की माणूस झाला. तरीही कोण दमला आहे, कोण नाचात रंगला आहे, कोण ओझ्याखाली वाकला आहे, हे क्षणात कळते, कारण सगळा भाव शरीराच्या कलण्यात साठवलेला असतो. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनींची ही कला डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागदावर आणि कापडावर नेऊन जगासमोर ठेवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. त्या परंपरेतले झाड पाहावे. ते माणसांहून कितीतरी मोठे असते, त्याची पान न् पान मोजून लिहिलेली असते आणि त्याच्या आश्रयाला पाखरे, माकडे व माणसे एकाच हक्काने वावरत असतात. त्यालाही चेहरा नसतो, आणि त्याची उणीवही कोणाला भासत नाही.

याहून जुना आणि याहून मार्मिक दाखला भारहूतचा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३ साली उजेडात आणलेल्या त्या स्तूपाच्या कठड्याचे शिल्पखंड कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यांतल्या एका शिल्पात एक वाटसरू झाडाखाली बसला आहे आणि त्या झाडातून केवळ दोन हात बाहेर आले आहेत. एका हाताने त्याला अन्न दिले जात आहे आणि दुसऱ्याने पाणी. वृक्षदेवतेचे मुख नाही, देह नाही, अलंकार नाहीत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या अनाम शिल्पकाराने एवढेच ठरवले की या झाडाची मुद्रा दातृत्वाची आहे, आणि दातृत्वाला हात पुरतात. अशी काटकसर साधण्यासाठी कलावंताच्या अंगी मोठी समज लागते.

मग झाडाचा स्वतःचा भाव नेमका कोठे लिहिलेला असतो? याचे उत्तर वनस्पतिशास्त्र देते, आणि ते उत्तर कोणत्याही कल्पनेपेक्षा अधिक थरारक आहे. झाडाची फांदी तोडली की त्या जागेभोवती नव्या लाकडाची एक जाड कडी चढू लागते आणि वर्षानुवर्षे ती आत आत मिटत जाते. खोडावर जे पापण्यांसकट उघडे डोळे आपल्याला दिसतात ते बहुधा असेच जुने घाव असतात. हजारो झाडे उभी चिरून तपासणाऱ्या ॲलेक्स शायगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की प्राण्याची जखम जशी भरून येते तशी झाडाची कधीच भरून येत नाही. झाड त्या कुजक्या भागाभोवती आतून भिंती उभारते, त्याला वेगळे पाडते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड घालीत पुढे वाढत राहते. म्हणजे झाडाला सोसावी लागलेली प्रत्येक तोड त्याच्या देहात जन्मभर शाबूत असते. तिच्यासकट जगण्याची विद्या तेवढी झाडाला साधलेली असते. हे एकदा ध्यानी आले म्हणजे खोडावरचा डोळा चितारताना लेखणीला आपोआप एक जबाबदारी चिकटते, कारण तो डोळा आपण त्याला दिलेला नसतो. तो कोणाच्या तरी कोयत्याने दिलेला असतो.

कलण्याचेही तसेच आहे. वाऱ्याने किंवा शेजारच्या इमारतीच्या सावलीने एका बाजूला झुकलेले रुंदपर्णी झाड आपल्या वरच्या अंगाला एक विशेष ताणाचे लाकूड तयार करते आणि त्या ओढीने स्वतःला हळूहळू सावरते. जिथे भार अधिक पडतो तिथे ते लाकूड अधिक घालते. फांदीच्या बगलेतला फुगवटा, बुंध्याशी सुटलेले आधाराचे पदर, फाट्याखालची सुरकुती ही सगळी त्या सावरण्याची खूण असते. क्लाउस माथेक या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने झाडांच्या या देहबोलीवर आयुष्य वेचले, १९९४ साली तिच्यावरचा त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आला, आणि कोणते झाड केव्हा कोसळेल याचा अंदाज घेणारे तपासनीस आज ती देहबोली वाचून आपला अहवाल लिहितात. ज्याला चित्रकार भाव म्हणतो त्यालाच हा शास्त्रज्ञ भारांचा हिशेब म्हणतो, आणि दोघेही एकाच रेषेवर बोट ठेवतात.

या दृष्टीने जोगेश्वरीत हिंडू लागले म्हणजे प्रत्येक जातीची निराळी प्रकृती उलगडू लागते. इस्माईल युसुफ महाविद्यालयाची टेकडी १९३० पासून या उपनगराची जणू राखीव सावली होऊन राहिली आहे. तिच्या उतारावर उभे राहिले तर एकाच दृष्टिक्षेपात अनेक स्वभाव दिसतात. पिंपळ हा जातिवंत बंडखोर. पाखराच्या विष्ठेतून पडलेले बी त्याला पुरते, आणि सज्जाच्या भेगेत वीतभर उगवलेल्या रोपट्यातही तो सगळी इमारत आपलीच असल्याच्या थाटात उभा असतो. वडाचा आवेश निराळा. तो खाली उतरतो, पारंबीचा खांब करतो, आणि ज्या पदपथावर त्याच्या पारंब्या दरसाल छाटल्या जातात तिथे त्याची मुद्रा हात बांधून उभ्या केलेल्या वृद्धाची होते. उंबर आपली फळे खोडालाच बिलगवून ठेवतो आणि त्यामुळे त्याचा सगळा देह लेकुरवाळा वाटतो. पर्जन्यवृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेचा. परंतु मुंबईच्या रस्त्यांवर त्याने जी छत्री धरली आहे तिला परकेपणाचा वास नाही, आणि सूर्य कलला की त्याची पाने जोडीजोडीने मिटतात तेव्हा दिवसभराचे काम आटोपल्याची एक निश्चिंत कळा त्याच्यावर येते. काटेसावर तरुणपणी अंगभर शंकूसारखे काटे बाळगते, फांद्या खोडाभोवती आडव्या पसरते आणि पान न् पान झडल्यावर तांबड्या फुलांनी पेटते; तिचे चित्र काढताना लेखणी आपोआप दाबली जाते.

परंतु शाईने चित्र काढणाऱ्याला ज्याचा मोह अनावर व्हावा असे झाड बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात आहे. ते कांडोळ, ज्याला लोक भुत्या म्हणतात. त्याची साल कागदासारखी पातळ, गुळगुळीत, पांढरट-गुलाबी. तिचे पापुद्रे सुटतात, हिवाळ्यात पाने गळून पडतात, आणि चांदण्या रात्री काळ्या रानात ते उघडे झाड एखाद्या निर्वस्त्र देहासारखे चमकते. ज्याने त्याला हे नाव दिले त्याने हाती लेखणी न धरता एक वृक्षजीव कल्पिला होता. शाईवाल्याला इथे उलटे काम करावे लागते. झाड काढायचे नसते, त्याच्या भोवतीचा अंधार काढायचा असतो, आणि रेषांच्या दाट जाळीतून जो कोरा कागद उरतो तो भुत्या होतो.

भुताचा उल्लेख आलाच आहे तर आपल्या परंपरेचे एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. टोल्किन या इंग्रज कथाकाराच्या सृष्टीत झाडेच चालतात, बोलतात आणि युद्धावर जातात. आमच्याकडे झाड सहसा स्वतः पिशाच्च किंवा देव होत नाही. ते त्यांचे घर असते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वीच जो मुलगा गेला तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो. वेताळ शिंशपेला लोंबकळतो आणि विक्रमाने मौन मोडले की पुन्हा तिथेच जातो. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ मासिकात के. सी. शिवशंकरन यांनी हा प्रसंग असा काही रेखाटला की आमच्या पिढ्यांच्या मनात विक्रम-वेताळाला दुसरे रूपच उरले नाही. या समजुतीला भाबडेपणा म्हणून बाजूला सारण्याचा प्रघात आहे. परंतु तिच्यामागे एक गंभीर सामाजिक विचार दडलेला आहे. झाड हे कोणाचे तरी घर असेल तर ते तोडण्यापूर्वी त्या रहिवाशाला विचारणे प्राप्त होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा जो विधी सांगितला आहे त्यात नेमके हेच आहे. आदल्या रात्री त्या झाडाची पूजा करावी, त्यात वसणाऱ्या जीवांना बली अर्पून त्यांनी अन्यत्र वास्तव्य करावे आणि आपल्याला क्षमा करावी अशी प्रार्थना करावी, आणि सकाळी कुऱ्हाडीला मध व तूप लावून मगच पहिला घाव घालावा.

वराहमिहिराचे शतक हेच जोगेश्वरीच्या लेण्याचेही शतक. ज्या देवीवरून या उपनगराला नाव मिळाले तिचे स्थान आज त्या लेण्यात आहे, आणि मुळात हे विशाल शैव मंदिर सहाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोरले गेले असे वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत आहे. चोहोंकडून वस्तीने वेढलेल्या या लेण्यातले द्वारपाल, लकुलीश, शिवपार्वतींची अक्षक्रीडा ही सारी शिल्पे आता इतकी झिजली आहेत की देहांच्या आकृती तेवढ्या ओळखू येतात. मुखांवरचे भाव पाण्याने आणि वाऱ्याने केव्हाच नेले. तरीही द्वारपालाच्या कमरेतला बाक आणि उभे राहण्यातला डौल शिल्लक आहे, आणि तेवढ्यावरून त्याचा अधिकार आजही जाणवतो. दगडाला दिलेली मुद्रा पहिल्या दिवसापासून उणावत जाते, झाडाची मुद्रा मात्र जगलेल्या प्रत्येक वर्षाने गडद होत जाते. लेण्याच्या माथ्यावरच्या झाडांकडे पाहताना हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. जुन्या शिल्पाच्या रक्षणासाठी आपण खाते नेमतो, फलक लावतो. मग जे शिल्प अजून घडतेच आहे त्याच्या वाट्याला निदान तेवढी अदब यायला हवी.

या प्रदेशाच्या राज्यकर्त्यांना ही जाणीव नव्हती असे नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी जो हुकूम आहे तो राज्यकारभाराच्या दफ्तरात करुणेचा इतका स्वच्छ दाखला म्हणून अपूर्व आहे. आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. अगदी जीर्ण झाड लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे, असा त्याचा आशय आहे. आजचा कायदा १९७५ चा. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील झाडांचे संरक्षण व जतन करणाऱ्या या अधिनियमानुसार झाड तोडण्याचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी, त्या झाडाच्याच ठळक भागावर सूचनापत्र लावावे आणि हरकती मागवाव्यात अशी तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा अधिक वयाच्या झाडांना वारसा-वृक्षाचा दर्जाही मिळाला. बृहत्संहितेतली रात्रीची प्रार्थना, आज्ञापत्रातली धन्याची राजीखुशी आणि महापालिकेचे सूचनापत्र ही मला एकाच विचाराची तीन रूपे वाटतात, आणि तो विचार असा की झाडाच्या बाबतीत कोणालाही न विचारता निर्णय करण्याची मुभा कोणालाच नाही.

तरीही झाडे जातात. २०१९ च्या ऑक्टोबरात, जगभर शाईची चित्रे काढली जात असतानाच, आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी वृक्षतोड झाली. ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवण्याचा आदेश दिला तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. मेट्रोची गरज आणि जंगलाची गरज यांचा वाद या निबंधाच्या कक्षेत मावणारा नाही. मला सलते ते एवढेच की त्या सगळ्या चर्चेत झाडे केवळ आकड्यांत आली. इतकी तोडायची, इतकी दुसरीकडे नेऊन लावायची, त्यांच्या बदल्यात इतकी नवी रोपे. आकड्याला ना कणा असतो ना जुना घाव. ज्या भागात आपण सकाळ-संध्याकाळ वावरतो तिथल्या झाडांचे वर्णन करण्याइतकीही ओळख आपल्यापाशी नसेल, तर त्यांचा बचाव करताना आपल्या हातीही आकड्यांपलीकडे काही उरत नाही.

महिनाभराच्या त्या चित्रांचे मोल मला इथे दिसते. शाईची रेष मागे घेता येत नाही, म्हणून ती ओढण्यापूर्वी पाहणे भाग पडते. आणि झाडाची मुद्रा काढायची झाली तर त्याचे चरित्र पाहावे लागते, म्हणजे ते कोणत्या बाजूने उजेड शोधीत गेले, त्याच्या मुळांपाशी काँक्रीट केव्हा आले, त्याच्या अंगात जाहिरातींच्या पाट्यांचे किती खिळे आहेत, कोणती फांदी कापल्यावर त्याने आपला तोल कसा बदलला. हे सारे पाहून काढलेल्या चित्राला डोळे नसले तरी ते पाहणाऱ्याकडे रोखून बघते. झाडाला व्यक्तिमत्त्व देणे हे कल्पनेचे काम आहे असे मानले जाते. ते मुख्यतः निरीक्षणाचे काम आहे, असा माझा ठाम निर्वाळा आहे.

म्हणून वाचकांपाशी एक मागणे आहे. ऑक्टोबरची वाट पाहू नका आणि चित्रकला येत नाही ही सबब सांगू नका. आपल्या फाटकासमोरचे, बसथांब्यावरचे, मुलांच्या शाळेच्या वाटेवरचे एक झाड निवडा आणि पेनाने, जमेल तसे, त्याचे उभे राहणे कागदावर उतरवून घ्या. त्याखाली त्याची जात, ठिकाण आणि तारीख लिहा, बुंध्याचा घेर दोरीने मोजून त्याची नोंद करा, खोडावरचे घाव कोणत्या बाजूला आहेत ते दाखवा. आणि त्या बुंध्यावर कधी सूचनापत्र लागलेले दिसले, तर मुदतीच्या आत लेखी हरकत दाखल करा आणि अर्जासोबत ते चित्र जोडा.